सेंट हेलेना, पुठ्ठा आणि कोंबडा: उन्हाळी प्रकल्पाच्या नोंदी

१२ एप्रिल

विषय एकदाचा मंजूर झाला. वाचनालयाच्या समितीला उन्हाळी उपक्रमासाठी अंदमान हवं होतं, निदान लक्षद्वीप. मी सेंट हेलेना धरून बसले. "म्हणजे नेपोलियनचं बेट ना?" अध्यक्षांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. पैसे मंजूर होईपर्यंत नेपोलियनला पुढे केलेलं बरं. मुलांसमोर त्याला एकच दिवस द्यायचा, हे मी मनाशी ठरवून टाकलंय.

खरं कारण बाणस्तारी. आमची मुलं फोंड्याहून पणजीला जाताना ज्या पुलावरून जातात, तिथे १५१२ मध्ये वेढा पडला होता. त्यातून जिवंत सुटलेला एक माणूस पुढे दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटाचा पहिला रहिवासी झाला. एवढा सरळ धागा हातात असताना अंदमानला कशाला जायचं?

मुलं २२, वय ८ ते १२. एप्रिलभर संध्याकाळी, मेमध्ये सुट्टी लागली की सकाळी. शेवटचा दिवस २१ मे. तो बेटाचा दिन असतो.

१५ एप्रिल

पहिली बैठक. वाचनालयाचा पृथ्वीगोल काढला आणि बेट शोधायला सांगितलं. वीस मिनिटं शोधूनही सापडलं नाही, कारण आमच्या गोलावर ते छापलेलंच नाही. मग सातवीतल्या मुलीकडून हिशेब करून घेतला. गोल ३० सेंटिमीटरचा, बेट लांबीला साधारण १६ किलोमीटर, म्हणजे गोलावर अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिनं पेन्सिलीचं टोक टेकवलं तर तेच बेटापेक्षा मोठं झालं.

जागा अशी सांगितली: आपण विषुववृत्ताच्या वर साधारण १५ अंशांवर, ते खाली १६ अंशांवर. जवळजवळ आरशातलं प्रतिबिंब, फक्त बरंच पश्चिमेला सरकलेलं. आपल्याकडे मे महिन्यात जीव नकोसा होतो तेव्हा तिथे हिवाळा लागत असतो. आफ्रिकेचा किनारा सुमारे १,९५० किलोमीटर, सगळ्यात जवळचं बेट असेन्शन, तेही १,३०० किलोमीटरवर. "मधे काय?" पाणी. "नुसतं पाणी?" नुसतं पाणी. या उत्तरावर वर्ग बराच वेळ शांत होता. एरवी हे घडत नाही.

क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर, आपल्या फोंडा तालुक्याच्या निम्म्याहून कमी. वस्ती साडेचार हजारांच्या आत.

१८ एप्रिल

मॉडेलचं प्रमाण ठरलं: एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. बेट १६० सेंटिमीटर लांब होईल, वाचनालयाच्या मोठ्या टेबलावर नेमकं मावेल. उंचीलाही तेच प्रमाण ठेवायचं. सुतारकाकांचं म्हणणं, डोंगर दुप्पट उंच करा, उठून दिसतील. मी नको म्हटलं. मुलांना एकदा डोंगर फुगवून दाखवले की खरी उंची त्यांच्या डोक्यात कधीच बसत नाही. सगळ्यात उंच डायनाज पीक सुमारे ८२० मीटर, म्हणजे आमच्याकडे सव्वाआठ सेंटिमीटर.

पुठ्ठा फ्रिजच्या खोक्यांचा, पाच पदरी, जाडी बरोबर पाच मिलिमीटर. एक थर म्हणजे ५० मीटर, एकूण सोळा थर. समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, पुस्तकात महिनाभर शिकवूनही मुलांच्या गळी उतरत नाहीत. इथे कापलेल्या थराची कडा म्हणजेच समोच्च रेषा, समजावून सांगायची गरजच पडली नाही. कटर मोठ्या मुलांच्या आणि काकांच्या हातात, छोट्यांकडे डिंक आणि कागदाच्या पट्ट्या. पट्ट्या चिकटवायला मैद्याची खळ. दिवाळीला कागदाचे नरकासुर केलेले हात असल्यामुळे ते काम कुणाला शिकवावं लागलं नाही.

२२ एप्रिल

सहा थर झाले आणि पहिली तक्रार आली: "टीचर, बीच कुठंय?"

बीच नाही. दक्षिणेला सँडी बे म्हणून काळ्या वाळूचा एक छोटा पट्टा आहे, बाकी किनारा बहुतेक कड्यांचा. बेट म्हणजे समुद्रतळापासून उठलेल्या ज्वालामुखीचा शेंडा. तो ज्वालामुखी लाखो वर्षांपूर्वीच विझलाय आणि लाटांनी कडा खाऊन खाऊन किनाऱ्याच्या भिंती केल्यात. गोव्याच्या मुलांना बिनबीचचं बेट म्हणजे फसवणूकच वाटली. एकानं सुचवलं, आपण थोडा बीच घालूया, कुणाला कळणार नाही. मत घेतलं. बीच हरला, पण थोडक्यात.

२५ एप्रिल

आजचा दिवस मला सगळ्यात आवडला. अर्धवट मॉडेल, टेबलफॅन आणि उदबत्त्या.

आधी पृथ्वीगोलावर लोकर. पोर्तुगालहून गोव्याकडे येणारी शिडाची जहाजं आफ्रिकेच्या कडेकडेनं येत नसत. समोरचे वारे टाळायला ती ब्राझीलच्या बाजूला मोठा वळसा घेत आणि मग पश्चिमेचे वारे धरून आफ्रिकेच्या टोकाला पोचत. परतताना मात्र त्या टोकाला वळसा घातला की आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे आणि थंड बेंग्वेला प्रवाह त्यांना थेट या बेटाकडे ढकलत. म्हणजे जाताना बेट वाटेत नाही आणि येताना चुकत नाही. लाल लोकर जाण्याची, हिरवी येण्याची. हिरवी लोकर पेन्सिलीच्या ठिपक्यावरून गेली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. जुआंव द नोव्हा या पोर्तुगीज कप्तानाला १५०२ मध्ये हे बेट दिसलं तेसुद्धा भारताकडून परत जातानाच.

मग फॅन. तो मॉडेलच्या आग्नेयेला ठेवून वाऱ्याच्या बाजूला उदबत्त्या धरल्या. धूर कड्यावर आपटून वर चढतो, शिखरांवरून जातो आणि पलीकडे वायव्येला शांत पडतो. त्या शांत बाजूला एक अरुंद दरी आहे, तिथेच जेम्सटाउन ही राजधानी. "गाव तिथेच का?" हे मुलांनीच सांगितलं: जहाज हलणार नाही म्हणून. वर चढलेल्या वाऱ्यातली वाफ शिखरावर ढग होऊन बसते, त्यामुळे मधला डोंगर ओला, हिरवा, वृक्षनेच्यांचा, आणि कडेचे उतार मात्र उघडेबोडके. रंग कुठे कुठला द्यायचा हेही यातूनच ठरलं.

शेवटी एकानं कागदाचं विमान आणलं. विमानतळ पूर्वेच्या कड्यावर, वाऱ्याच्या तोंडावर. २०१६ मध्ये तो सुरू व्हायचा होता, पण कड्यावरून उसळणाऱ्या वाऱ्यानं विमानं अशी हेलकावायला लागली की नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०१७ ला, जोहान्सबर्गहून सुरू झाली. तोवर केपटाउनहून बोटीनं पाच दिवस. आमचं कागदी विमान नऊदा फेकलं, दोनदा उतरलं.

२९ एप्रिल

फेर्नांव लोपिशची गोष्ट. आठ दिवस मी हिला टाळत होते.

घटना अशी. पोर्तुगीज सेनापती आल्बुकेर्कनं १५१० मध्ये गोवा घेतला आणि तो मलाक्काच्या मोहिमेवर निघून गेला. मागे राहिलेल्यांपैकी काही पोर्तुगीज विजापूरकरांच्या बाजूला गेले, त्यांनी धर्म बदलला, इथलेच झाले. लोपिश त्यातला एक. आल्बुकेर्क परत आला, १५१२ मध्ये बाणस्तारीच्या किल्ल्याला वेढा पडला. आदिलशाही सरदार रसूलखानानं शरणागतीत अट घातली की या माणसांना जिवे मारायचं नाही. आल्बुकेर्कनं शब्द अक्षरशः पाळला, मारलं नाही. नाक आणि कान कापले, उजवा हात कापला, डाव्या हाताचा अंगठा कापला.

आठ वर्षांच्या मुलांना हे सांगायचं? ग्रंथपालताईंचं मत, "मोठी शिक्षा केली" एवढंच म्हणा. मी तसा मसुदा लिहून पाहिला आणि फाडला. हात आणि अंगठा काढून टाकला तर पुढची गोष्टच उभी राहत नाही. नाक-कानाचा उल्लेख एका वाक्यात, आवाज न चढवता. धर्म बदलल्याचं वाक्यही ठेवलं, तेवढंच आणि तितक्याच सहज. आमच्याकडे तिन्ही धर्मांची मुलं आहेत. कुणाची भुवई वर गेली नाही, माझीच छाती उगाच धडधडत होती.

पुढे आल्बुकेर्क वारल्यावर लोपिश लिस्बनच्या जहाजावर चढला. जहाज पाण्यासाठी सेंट हेलेनाला थांबलं तेव्हा हा उतरून रानात लपला. शोधून मिळेना, तेव्हा खलाशी थोडी बिस्किटं, सुकं मांस, मीठ आणि विस्तव मागे ठेवून निघून गेले. बेटावर दुसरं माणूस नाही. पुढे एका जहाजावरून कोंबडा समुद्रात पडला, यानं तो वाचवला. तो याच्या मागेमागे फिरायला लागला, रात्री याच्या गुहेत झोपायला लागला. येणाऱ्या जहाजांनी हळूहळू बिया, रोपं, जनावरं आणून दिली आणि यानं बाग केली, फळझाडं लावली. सुमारे दहा वर्षांनी राजानं बोलावलं म्हणून तो पोर्तुगालला गेला, रोमला जाऊन पोपला भेटला. आता पाहिजे तिथे राहा म्हटल्यावर यानं बेटच मागितलं. १५४५ च्या सुमारास तिथेच वारला.

"एका हातानं झाड कसं लावणार?" असा प्रश्न आला. नुसता हात नव्हे, अंगठाही नाही. मग करूनच पाहिलं. उजवा हात रुमालानं पाठीशी बांधला, डावा अंगठा चिकटपट्टीनं तळहाताला चिकटवला. समोर करवंटीत माती आणि वालाचे पाच दाणे. पहिली पाच मिनिटं हसाहशी. मग दाणे निसटायला लागले तसं हसू आटलं. एकानं दाणे ओठांनी उचलले. एका मुलीनं दोन बोटांच्या बेचक्यात काडी धरून भोकं पाडली. मडकीतून पाणी घालणं कुणालाच जमेना, शेवटी कोपरानं मडकी कलंडवायची युक्ती निघाली. बावीसपैकी चौदा जणांचे दाणे मातीत गेले. करवंट्या खिडकीत ठेवल्यात.

घरी निघताना सगळ्यात छोटा परत आला. "मग कोंबो?" कोंबड्याचं पुढे काय झालं, ते गोष्टीत नाही, असं सांगितलं. त्याला ते मुळीच पटलं नाही.

३ मे

बाणस्तारीला जाऊन आलो. पुलाच्या कडेला थांबून पाणी पाहिलं, एवढंच. वेढ्याचं वर्णन करायला लागले आणि मागून ट्रक जात होते, कुणाला काही ऐकू आलं नाही. फणस घेऊन परत.

५ मे

नेपोलियन. तारीख मुद्दाम साधली, १८२१ मध्ये तो याच दिवशी वारला.

ऑक्टोबर १८१५ मध्ये आणला, पहिले काही आठवडे ब्रायर्स नावाच्या घरी, मग लाँगवूडला. ते घर दमट आणि वादळवाऱ्याचं, ही त्याची कायमची तक्रार. मुलांनी लगेच फॅन लावला, धूर सोडला आणि लाँगवूड वाऱ्याच्या बाजूच्या पठारावर आहे हे ओळखलं. तक्रार खरी निघाली. थडग्यावर काय नाव कोरायचं यावर इंग्रज आणि फ्रेंच यांचं जमलं नाही, म्हणून दगड कोराच राहिला. १८४० मध्ये अवशेष फ्रान्सला नेले, म्हणजे आता ते रिकामं, बिननावाचं थडगं. तरी ती जागा आणि लाँगवूडचं घर फ्रान्सच्या मालकीचं आहे. "बेट इंग्लंडचं आणि घर फ्रान्सचं?" यावर पुष्कळ वाद झाला.

एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. असईला १८०३ मध्ये मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली १८०५ मध्ये भारतातून परत जाताना याच बेटावर उतरला होता. दहा वर्षांनी वॉटर्लूला त्यानंच नेपोलियनला हरवलं आणि नेपोलियन इथे आला. मुलांना यात काही विशेष वाटलं नाही. त्यांना विचारायचं होतं, नेपोलियननं जोनाथन कासव पाहिलं का? नाही. जोनाथनचा जन्म १८३२ च्या सुमाराचा, सेशेल्सहून बेटावर आला १८८२ मध्ये. आता गव्हर्नरच्या बंगल्याच्या आवारात राहतो, डोळ्यांनी दिसत नाही. नेपोलियन हुकला, याचं मुलांना वाईट वाटलं. नेपोलियनसाठी.

८ मे

बकऱ्यांचा खेळ. पोर्तुगीजांनी बेटावर बकऱ्या सोडल्या, येणाऱ्या जहाजांना ताजं मांस मिळावं म्हणून. १५८८ मध्ये तिथे गेलेल्या कॅव्हेंडिश या इंग्रजानं हजारोंचे कळप पाहिले. खेळात दहा जण म्हातारी झाडं, सहा रोपं, दोन बकऱ्या. बकरी फक्त रोपाला शिवते. पहिल्या तीन डावांत रान भरलेलंच दिसतं, कारण म्हातारी झाडं उभीच असतात. मग ती एकेक बसायला लागतात आणि त्यांच्या जागी उभं राहायला कुणी नसतं. बकऱ्यांनी झाडं खाल्ली नाहीत, झाडांची पोरं खाल्ली, हे वाक्य खेळात हरलेल्या मुलीचं.

सेंट हेलेना ऑलिव्हचं शेवटचं झाड २००३ मध्ये गेलं. जगात दुसरीकडे ते नव्हतंच. उलट तिथली एबनी ही झुडपाची जात संपली असं सगळे धरून चालले होते, आणि १९८० मध्ये कड्यावर दोन झुडपं सापडली. बकऱ्या पोचल्या नाहीत अशा जागी. त्यांच्यापासून पुन्हा रोपं केली. मुलांनी मॉडेलवर एका कड्याला दोन हिरव्या टाचण्या टोचल्यात, जवळून पाहिल्याशिवाय दिसत नाहीत.

१० मे

मुंग्या. खळ लावलेल्या पट्ट्यांमध्ये घुसल्या, दक्षिणेचे तीन थर पोखरले. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात हे मला माहीत होतं, पण मुलांचे हात म्हणून घातलं नव्हतं. सँडी बे पुन्हा करायला घेतलं, या वेळी फेविकॉलनं. बीचवाला गट यात पुन्हा सक्रिय झाला, लक्ष ठेवावं लागलं.

१३ मे

जेकब्ज लॅडर. जेम्सटाउनच्या दरीतून कड्यावर सरळ चढणारा जिना, ६९९ पायऱ्या. १८२९ मध्ये बांधला तेव्हा तो माल ओढून नेण्याचा उतरता रूळमार्ग होता: खालून खत वर, वरून माल खाली. आमच्या वाचनालयाच्या जिन्याला १८ पायऱ्या, म्हणजे ३९ फेऱ्या, त्यात तीन पायऱ्या जास्तीच्या. दोन-दोन फेऱ्या वाटून घेतल्या, ग्रंथपालताई खडूनं मोजत होत्या. एकोणचाळिसाव्या फेरीला सगळे एकदम चढले. मग हिशेब: लॅडरचा चढ साधारण १८० मीटर, म्हणजे एक पायरी २५-२६ सेंटिमीटर. आमची मोजली तर १६. "म्हणजे आपण अजून पोचलोच नाही!" हे ऐकून ताईंनी खडू ठेवून दिला.

१६ मे

रूपर्ट्स व्हॅली. मॉडेलवर जेम्सटाउनच्या शेजारची दरी, मध्ये एक डोंगरधार.

ब्रिटिश आरमार १८४० पासून गुलामांची जहाजं पकडून इथे आणत असे. १८७२ पर्यंत २५ हजारांहून जास्त आफ्रिकी माणसं या दरीत उतरवली गेली. त्यांत मुलं पुष्कळ. जहाजांच्या पोटात त्यांची जी दशा झाली होती तिच्यामुळे सुमारे ८ हजार इथेच मेली, इथेच पुरली. वाचलेल्यांतले बरेचसे मोकळे म्हणवले गेले आणि कॅरिबियन बेटांवर मजुरीला पाठवले गेले. २००८ मध्ये विमानतळाच्या रस्त्यासाठी खणताना ३२५ जणांचे अवशेष निघाले, काहींबरोबर मण्यांचे दागिने. त्यांना २०२२ मध्ये पुन्हा माती दिली.

आज कुठलाही खेळ ठेवला नाही. हाडांची चित्रं दाखवली नाहीत. सांगून झाल्यावर अकरा वर्षांच्या एका मुलानं विचारलं, या बेटावर आपणहून कोण आलं? फळ्यावर यादी केली. ईस्ट इंडिया कंपनीच्या गुलामांना आणलं. नेपोलियनला आणलं. झुलू राजा दिनुझुलूला आणलं. १९०० पासून दक्षिण आफ्रिकेतले हजारो बोअर युद्धकैदी आणले. जोनाथनलाही आणलंच. आपणहून आलेल्यांमध्ये खगोलशास्त्रज्ञ हॅली, १६७७ मध्ये दक्षिणेचे तारे मोजायला, आणि तोही ढगांना वैतागला. आणि लोपिश. लोपिश कुठल्या बाजूला लिहायचा यावर एकमत होईना, मी मध्ये लिहिला.

दरीला रंग कुठला द्यायचा हे मुलांवर सोडलं. त्यांनी पुठ्ठा तसाच ठेवला.

१९ मे

पाट्या लिहिणं, निळा रंग, धावपळ. दुपारी प्लो केला. बेटावरचा घरोघरचा पदार्थ, एकाच भांड्यात भात, भाज्या, मांस आणि करी पावडर. आम्ही मांसाशिवाय केला. "टीचर, हा तर पुलाव." बरोबर. नावही तेच, बोटीनं गेलेलं आणि वाटेत थोडं झिजलेलं. करी पावडर कमी पडली म्हणून ग्रंथपालताईंनी घरचा मसाला घातला, त्यामुळे चव पूर्णपणे फोंड्याची.

खिडकीतल्या चौदा करवंट्यांपैकी नऊंना वेल आलेत.

२१ मे

पालक आले, अध्यक्ष आले. अध्यक्षांनी आधी लाँगवूड शोधलं, फोटो काढला. बेटाचा दिन आजच का, यावर सातवीतल्या मुलीनं माझ्याही अंगावर काटा आणला. कथा अशी आहे की २१ मे हा संत हेलेनाचा दिवस, त्या दिवशी बेट दिसलं म्हणून हे नाव. तिला घरच्या कॅथलिक शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की त्यांच्याकडे तो सण १८ ऑगस्टला असतो, २१ मेला पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथांत. मग कॅथलिक पोर्तुगिजांनी २१ मेला हे नाव कसं दिलं? हीच शंका इतिहासकारांनीही काढलेली आहे, असं मी सांगितलं. "मग आपण आज चुकीच्या दिवशी करतोय?" बेटावरचे लोकही आजच करतात, असं म्हणून वेळ मारून नेली.

गर्दीत मातीचा कोंबडा दिसेना म्हणून छोटा रडकुंडीला आला. लोपिशची गुहा नेमकी कुठे होती कुणालाच माहीत नाही, म्हणून कोंबड्याला मॉडेलवर ठरलेली जागा नाही. जो येतो तो त्याला आपल्याला वाटेल त्या दरीत ठेवतो. शेवटी विमानतळावर मिळाला.

४ जून

पाऊस सुरू. मॉडेल प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटमाळ्यावर चढवलं. चौघांनी धरलं, सुतारकाका वर. पाट्या काढून पाकिटात, लोकर गोलावर तशीच. टाचण्या मोजल्या, दोन्ही हिरव्या आहेत. कोंबडा पाकिटात नाही, टेबलाखालीही नाही. छोट्याला विचारलं तर तो म्हणाला, त्याला बरोबर ठिकाणी ठेवलाय.